एकाच डायोडचे तीन आकडे

दिवाळीला पंधरा दिवस उरले की मालाड पश्चिमेला स्वामी विवेकानंद रोडच्या आतल्या गल्ल्यांत पाय ठेवायला जागा राहत नाही. एका बाजूला रांगोळीची पोती, दुसऱ्या बाजूला कंदिलांचे सांगाडे, आणि दोहोंच्या मधे आठ बाय दहाचं एक दुरुस्तीचं दुकान. पाटीवरची अक्षरं उन्हाने पुसट झाली आहेत, पण ती वाचायची कुणाला गरज पडत नाही. माणसं पिशवीतून गेल्या वर्षीच्या लाइटच्या माळा आणतात, कुणी ॲम्प्लिफायर आणतं, कुणी टीव्हीचा बोर्ड. दुकानाच्या मालकांना सगळी गल्ली भाऊ म्हणते, मीही भाऊच म्हणते. नाव छापू नका, एवढंच त्यांनी सांगितलं.

मी माळ टाकायला गेले आणि तीन तास तिथेच बसले. त्यांच्याकडे आयटीआय करून नव्याने लागलेला मुलगा एका डायोडशी झगडत होता.

डायोड अगदी साधा. काळं बारीक नळकांडं, एका टोकाला चंदेरी पट्टा, अंगावर १एन४००७ असं छापलेलं. चार्जरपासून पंख्याच्या रेग्युलेटरपर्यंत कुठेही सापडणारा, रुपया-दोन रुपयांचा माल. मुलाने काट्याचा मल्टिमीटर ओहमवर घेतला, रेंज एक्स वन-के ठेवली आणि पिना लावल्या. काट्याखाली आकडा आला सुमारे ३,७००. त्याने रेंज बदलून एक्स टेनवर घेतली. आता तोच डायोड ६० ओहम दाखवू लागला. एक्स वनवर घेतलं तर जेमतेम ७. त्याने पिना पुसल्या, दोन्ही एकमेकींना टेकवून झिरो नीट जुळवला, पुन्हा मोजलं. पुन्हा तेच तीन आकडे.

"भाऊ, मीटर गेलाय."

भाऊंनी बोर्डावरून मान वर काढली नाही. "मीटर बरा आहे. आकडा वाचू नको, काटा कुठे उभा राहतो ते बघ."

मुलाने पाहिलं, मीही पुढे वाकून पाहिलं. तिन्ही रेंजवर काटा जवळपास एकाच जागी थांबत होता, डावीकडून सुमारे तीन-चतुर्थांश पल्ला ओलांडून. वन-के वर थोडा पुढे, एक्स वनवर थोडा मागे. आकडा शेकडो पटींनी बदलला होता आणि काटा मात्र बोटभरही हलला नव्हता.

भाऊ चाळीस वर्षं हेच बघत आलेत. रोध किती, हा प्रश्न त्यांनी डायोडला कधी विचारलाच नाही. काटा पाऊण पल्ल्याला थांबला आणि पिना उलट्या केल्यावर जागचा हलला नाही, की डायोड चांगला. दोन्हीकडून काटा शेवटापर्यंत गेला तर शॉर्ट, दोन्हीकडून हलला नाही तर ओपन, उलट्या बाजूने थोडासाच उचलला तर लीकेज. ही चार वाक्यं प्रत्येक दुरुस्तीवाल्याला पाठ असतात. पण पाऊण पल्लाच का, हे त्या मुलाने विचारलं तेव्हा भाऊ हसून म्हणाले, "ते ताईंना विचार, त्या लिहितात." मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. घरी येऊन कागद-पेन्सिल घेऊन बसले तेव्हा कुठे ते उलगडलं, आणि उलगडलं तेव्हा इतका आनंद झाला की हा लेख त्यातूनच आला.

आधी मीटरच्या पोटात काय असतं ते पाहू. भाऊंकडचा मीटर जपानी सानवाच्या वायएक्स-३६० घराण्यातला आहे. अशा मीटरला व्होल्ट मोजायला स्वतःची वीज लागत नाही, समोरच्या सर्किटची चालते. ओहम मोजताना मात्र समोर वीज नसते, म्हणून मीटर आपली वापरतो. आत दीड-दीड व्होल्टचे दोन पेन्सिल सेल आहेत, म्हणजे ३ व्होल्ट. त्यांच्या वाटेत एक रोध आहे: एक्स वनवर २० ओहम, एक्स टेनवर २००, वन-के वर २० हजार. पिना एकमेकींना टेकवल्या की पूर्ण विद्युतधारा वाहते आणि काटा उजव्या टोकाला, शून्यावर जातो. मधे काही जोडलं की धारा कमी होते आणि काटा तेवढा मागे राहतो. त्या मागे राहण्यावरूनच तबकडीवर ओहमचे आकडे छापलेले असतात. थोडक्यात, ओहममीटर रोध मोजत नाही. तो विद्युतधारा मोजतो आणि समोरची वस्तू ओहमच्या नियमाने वागते असं धरून आकडा सांगतो.

नवख्याला चकवणारी आणखी एक गोष्ट याच रचनेत आहे. काट्याच्या मीटरमध्ये ओहमवर काळी पिन धन असते आणि लाल ऋण. मुलं लाल म्हणजे प्लस असं शिकून येतात आणि चांगला डायोड उलटा समजून बोर्डावर उलटाच बसवतात. कारण सरळ आहे. काटा योग्य दिशेने हलायचा तर धारा लाल पिनेतून आत यायला हवी. बॅटरी आतच असेल, तर लालमधून आत येणारी धारा काळीतून बाहेर पडलेली असणार. म्हणून काट्याच्या मीटरवर काळी पिन पट्टा नसलेल्या पायाला आणि लाल पट्ट्याच्या पायाला लावली की डायोड वाहतो. डिजिटल मीटरमध्ये लाल पिनच धन असते. दुकानात दोन्ही मीटर शेजारी शेजारी असतील तर मुलाला हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं.

आता ओहमचा नियम. गेओर्ग ओहम याने १८२७ साली आपल्या पुस्तकात मांडलेलं गणित आपण शाळेत शिकतो. विभवांतर दुप्पट केलं की धारा दुप्पट. आडव्या अक्षावर व्होल्ट, उभ्यावर अँपिअर घेऊन आलेख काढला तर शून्यातून निघणारी सरळ रेघ येते. रेघेवर कुठेही बोट ठेवा, व्होल्टला अँपिअरने भागा, उत्तर तेच. म्हणून साध्या रेझिस्टरला कुठल्याही रेंजवर मोजलं तरी आकडा एकच येतो. डायोडचा आलेख सरळ नाही. त्यावर जिथे बोट ठेवाल तिथे भागाकार वेगळा, आणि मीटरची रेंज बदलणं म्हणजे त्या वक्र रेघेवर बोट दुसरीकडे नेणं. मुलाला मिळालेले तिन्ही आकडे खरे होते. ते तीन वेगळ्या ठिकाणांचे होते.

याचा पुरावा त्या मीटरच्या तबकडीवरच छापलेला आहे. ओहमच्या पट्टीखाली एलआय आणि एलव्ही अशा दोन बारीक पट्ट्या असतात. बरेच लोक त्यांच्याकडे आयुष्यभर बघत नाहीत. ओहम मोजत असताना समोरच्या वस्तूतून किती धारा वाहते ते एलआय सांगते, आणि तिच्या दोन टोकांत किती व्होल्ट आहेत ते एलव्ही. मी भाऊंकडून मीटर रविवारपुरता मागून आणला आणि तोच ४००७ तिन्ही रेंजवर लावून या दोन पट्ट्या वाचल्या. वन-के वर धारा सुमारे १२५ मायक्रोअँपिअर, व्होल्ट अर्ध्याला थोडे कमी. एक्स टेनवर धारा ११ ते १२ मिलिअँपिअर, व्होल्ट ०.६८ च्या आसपास. एक्स वनवर धारा ११० मिलिअँपिअर, व्होल्ट ०.८.

नातवाच्या वहीतला आलेखाचा कागद फाडून मी तीन टिंबं काढली. पहिलं टिंब आडव्या अक्षाला चिकटूनच बसलं. दुसरं थोडं वर. तिसरं कागदाच्या माथ्याशी. मधे हाताने रेघ ओढली तर ती बराच वेळ जमिनीलगत सरपटते आणि अर्धा व्होल्ट ओलांडल्यावर कड्यासारखी उभी राहते. पुस्तकात शंभरदा पाहिलेला आकार. मीटर लावून स्वतः काढला तेव्हा तो पहिल्यांदा माझा झाला.

भाऊंच्या पाऊण पल्ल्याचं उत्तरही त्याच कागदावर होतं. धारा जवळजवळ नऊशे पटींनी वाढली, पण डायोडवरचे व्होल्ट अर्ध्यावरून ०.८ पर्यंतच गेले. बॅटरीचे ३ व्होल्ट, त्यातला पाव हिस्सा किंवा त्याहून थोडा कमी डायोडवर राहतो, उरलेला पाऊण मीटरच्या पोटातल्या रोधावर पडतो. काटा दाखवतो तो हा उरलेला हिस्सा. म्हणून रेंज कोणतीही असो, काटा पाऊण पल्ल्याच्या पुढेमागेच राहणार. डायोड आपला रोध सांभाळत नाही, आपलं विभवांतर सांभाळतो. भाऊ काट्याची जागा बघतात, म्हणजे न सांगता व्होल्टच वाचत असतात. लाल एलईडी लावला तर काटा मध्याच्या अलीकडेच थांबतो, कारण तिथे पावणेदोन-दोन व्होल्ट लागतात. जर्मेनियमचा डायोड लावला तर काटा पाऊणच्या बराच पुढे सरकतो. भाऊ माल न वाचता काट्यावरून ओळखतात ते यामुळे.

सोमवारी मी तो कागद दुकानात नेला. मुलाने तो खूप वेळ हातात धरला. आयटीआयमध्ये त्याने हाच आलेख काढला होता, पण तिथे वेगळा व्होल्टमीटर, वेगळा मिलिअँपिअरमीटर आणि पट्टीने आखलेला अक्ष. ओहममीटरने डायोड तपासणं दुसऱ्या तासाला, दुसऱ्या टेबलावर. दोन्हींत एकच गोष्ट घडते आहे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मला याचं मनापासून वाईट वाटतं. आपल्याकडे आलेख परीक्षेसाठी काढतात आणि मीटर पोटासाठी शिकतात, आणि ज्याच्या हातात मीटर आहे त्याला आपण आलेखाची गरज नाही असं ठरवून टाकतो.

आलेख हातात असला की पुढचं सगळं सोपं होतं. रोध या एका शब्दाचे डायोडपाशी दोन अर्थ होतात, हेही त्यावर दिसतं. एक्स टेनवर आलेले ६० ओहम म्हणजे शून्यापासून त्या टिंबापर्यंत ओढलेल्या रेघेचा हिशेब. पण त्या टिंबापाशी वक्र रेघ किती खडी आहे हे बघितलं, म्हणजे व्होल्ट किंचित वाढवले तर धारा किती वाढेल असं विचारलं, तर उत्तर चार-पाच ओहमच्या घरात येतं. ज्याला ॲम्प्लिफायर दुरुस्त करायचाय त्याला दुसरा आकडा लागतो.

हा वक्र असा का, याचं गणित विल्यम शॉकली यांनी १९४९ साली बेल प्रयोगशाळेच्या नियतकालिकात मांडलं. अर्धवाहकाच्या जोडापाशी विद्युतभारांना चढायला एक चढ असतो. बाहेरून व्होल्ट दिले की चढ कमी होतो, आणि उष्णतेने थरथरणाऱ्या कणांपैकी तो चढून जाणाऱ्यांची संख्या पटींमध्ये वाढते. आदर्श डायोडमध्ये खोलीच्या तापमानाला साधारण ६० मिलिव्होल्ट वाढले की धारा दहापट. ४००७ सारख्या खऱ्या मालात दहापटीला शंभरेक मिलिव्होल्ट लागतात. माझ्या तीन टिंबांत नेमकं तेच दिसत होतं.

उष्णतेचा उल्लेख आला म्हणून एक प्रयोग सांगते, दिवाळीच्या सुट्टीत मुलांबरोबर करण्यासारखा. डिजिटल मीटर डायोडच्या खुणेवर ठेवा. तिथे तो साधारण एक मिलिअँपिअर धारा सोडतो आणि थेट मिलिव्होल्ट दाखवतो, ४००७ ला साडेपाचशे-सहाशेच्या आसपास. आता डायोडचं काळं अंग चिमटीत धरा. आकडा हळूहळू उतरू लागतो. दर अंशाला सुमारे दोन मिलिव्होल्ट. बोटांची ऊब दहा-बारा मिलिव्होल्ट खाली आणते, सोडलं की पंख्याच्या वाऱ्यात आकडा पुन्हा चढतो. फक्त पायांना हात लावू नका. विशेषतः काट्याच्या मीटरवर एक्स टेन-के रेंज असेल तर घामेजलेल्या बोटांमधून वाहणारी धाराही काट्याला उचलते. मुंबईच्या हवेत कितीतरी चांगले डायोड असे बोटांमुळे लीकेज ठरून कचऱ्यात गेले असतील.

२६ जुलै २००५ नंतरच्या महिन्यांत भाऊंकडे बोर्डांचा ढीग लागला होता. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि उपनगरांत तळमजले बुडाले. जवळजवळ प्रत्येक बोर्डावर डायोड लीकेज दाखवायचे. भाऊंनी पहिल्या आठवड्यात बरेच बदलले, आणि मग एक पाय उचलून मोजू लागले. पाय बोर्डावरून सोडवला की डायोड ठणठणीत. गळती डायोडमधून नव्हती, बोर्डावर वाळलेल्या गाळाच्या थरातून होती. नंतर ते बोर्ड धुऊन, वाळवून मगच मीटर लावत. डायोड बोर्डात असताना मीटर त्याच्याबरोबर शेजारचे सगळे रस्ते मोजतो, म्हणून एक पाय उचलल्याशिवाय निकाल द्यायचा नाही, ही त्यांची शिस्त तिथली.

मीटर कुठे खोटं आश्वासन देतो, हेही आलेखाच्या डाव्या बाजूला बघितल्यावर कळतं. ४००७ उलट दिशेने १,००० व्होल्ट सोसायला बनवलेला आहे. घरच्या २३० व्होल्टच्या विजेचं शिखर ३२५ व्होल्टच्या आसपास जातं. आणि आपण त्याची परीक्षा घेतो ३ व्होल्टवर. दुखावलेला डायोड ३ व्होल्टला अडवून धरतो आणि दोनशेला कोसळतो, असं होतं. म्हणून काट्याने पास केलेला बोर्ड भाऊ लगेच थेट विजेवर लावत नाहीत. भिंतीवर सिरीज बोर्ड आहे, त्यात जुना पिवळा बल्ब. बोर्ड त्याच्यामार्फत वीज घेतो. बल्ब क्षणभर चमकून मंदावला तर ठीक, पेटतच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. झेनर डायोडची गंमत याच डाव्या बाजूची. ५.१ व्होल्टचा झेनर वन-के वर उलटा लावला तर काटा हलत नाही. एक्स टेन-के वर घेतलं, म्हणजे मीटरमधली ९ व्होल्टची वेगळी बॅटरी कामाला लागली, की तोच झेनर उलट्या बाजूनेही वाहतो आणि नवखा माणूस त्याला खराब म्हणून फेकतो.

मुलानेही असंच फेकलं होतं. माळेतले पांढरे एलईडी डिजिटल मीटरवर काहीच दाखवत नव्हते, म्हणून त्याने मूठभर ओपन म्हणून बाजूला टाकले. बरेच डिजिटल मीटर डायोडच्या खुणेवर उघड्या पिनांना जेमतेम अडीच-तीन व्होल्ट देतात. पांढऱ्या एलईडीचा वक्र तिथेच कुठेतरी जागा होतो. भाऊंनी दोन नवे सेल आणि एक रेझिस्टर घेऊन जवळजवळ सगळे पेटवून दाखवले.

आता मालाडची गोष्ट, जिच्यासाठी खरं तर मी तीन तास बसले.

मार्वे रोडला, मालवणीच्या बाजूला आकाशवाणीचं प्रक्षेपण केंद्र. स्टुडिओ चर्चगेटजवळ, पण मुंबईच्या मध्यम लहरी हवेत सुटत त्या मालाडच्या मनोऱ्यांवरून. माझ्या लहानपणी, सत्तरच्या दशकात, आमच्या चाळीच्या कौलांवरून वडिलांनी एक लांब तार ओढली होती. खाली एक पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळलेली कॉइल, एक डायोड, एक इअरफोन, आणि नळाच्या पाइपाला अर्थ. सेल नाही, वीज नाही. कानाला लावलं की बातम्या ऐकू यायच्या. शंभर किलोवॉटच्या घरातलं केंद्र एवढ्या जवळ असल्यावर कार्यक्रम ऐकवायला लागणारी सगळी ऊर्जा तारेतच उतरत असे.

त्या खेळण्यातला डायोड ओए७९, काचेच्या बारीक नळीतला जर्मेनियमचा. तो तिथे का हवा, हे मला परवापर्यंत नीट कळलं नव्हतं. रेडिओलहर सेकंदाला लाखो वेळा पुढेमागे होते. सरळ रेघेच्या वस्तूतून ती गेली तर जेवढं पुढे तेवढंच मागे, बेरीज शून्य, इअरफोन गप्प. वाकलेल्या रेघेतून गेली की एका बाजूला धारा जास्त, दुसऱ्या बाजूला नगण्य. बेरीज उरते, आणि ती आवाजाप्रमाणे कमीजास्त होते. आलेखातल्या त्या वाकण्यामुळेच बातम्या ऐकू यायच्या. सिलिकॉनची रेघ अर्ध्या व्होल्टच्या पुढे वाकते, जर्मेनियमची त्याच्या बरीच आधी, म्हणून तारेतल्या दुबळ्या लहरीला जर्मेनियम हवा.

याच वाकण्याचा मागोवा फार जुना आहे. जर्मन शास्त्रज्ञ फर्डिनांड ब्राउन याने १८७४ साली गॅलेनासारख्या सल्फाइड खनिजांवर धातूचं टोक टेकवून पाहिलं, तर एका दिशेने धारा जास्त वाहत होती. जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात अशा टोकदार स्पर्शांचे धारा-विभवांतर आलेख काढले, आणि गॅलेनाच्या डिटेक्टरचं अमेरिकन पेटंट त्यांना १९०४ साली मिळालं. ट्रान्झिस्टरचा जन्म १९४७ चा. म्हणजे त्याच्या चार दशकं आधी एक भारतीय माणूस अर्धवाहकाचा वाकलेला आलेख कागदावर उतरवत होता. हे आपल्या मुलांना आलेखाच्या तासालाच सांगावं असं मला वाटतं.

वडील गेल्यावर त्यांचा पत्र्याचा डबा माझ्याकडे आला. कॉइलची तार तुटली आहे, इअरफोनचा पडदा गंजला आहे, ओए७९ मात्र काचेत तसाच आहे. तो घेऊन मी पुन्हा दुकानात गेले. मुलाने मीटर ओढला आणि सवयीने एक्स वनवर नेला. मग थांबला. एक्स वनवर मीटर शंभराहून जास्त मिलिअँपिअर ढकलू शकतो, आणि आतल्या सुईसारख्या बारीक तारेला तेवढं झेपणार नाही, हे त्याने स्वतःच ताडलं. रेंज वन-के वर आणली, झिरो जुळवला, काळी पिन पट्टा नसलेल्या पायाला, लाल पट्ट्याच्या. काटा पाऊण पल्ला ओलांडून बराच पुढे गेला. पिना उलट्या केल्यावर किंचित उचलला, जर्मेनियम तेवढा उचलतोच.

"बरा आहे," भाऊ म्हणाले.

मुलाने खिशातून माझा तो घडी घातलेला कागद काढला. एलआय वाचली, एलव्ही वाचली, आणि माझ्या तीन टिंबांच्या डावीकडे, शून्याच्या जवळ, चौथं टिंब लाल पेनाने काढलं.